संचालकाला कोणी आणले?

१६ डिसेंबर २००८ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या हैदराबादच्या कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक झाली. पुढे ठेवलेला प्रस्ताव विचित्र होता. सॉफ्टवेअरच्या व्यवसायातल्या या कंपनीने जमीनजुमला आणि बांधकाम क्षेत्रातल्या दोन कंपन्या विकत घ्यायच्या होत्या. मेटास प्रॉपर्टीज पूर्णच्या पूर्ण आणि मेटास इन्फ्राचा ५१ टक्के हिस्सा. एकूण किंमत १६० कोटी डॉलर. या दोन्ही कंपन्या सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्याच घराण्याच्या होत्या. विकणारे राजू आणि विकत घेणाऱ्या कंपनीचे अध्यक्षही राजू, म्हणून ते त्या विषयापुरते बाजूला झाले. अध्यक्षस्थानी एम. राममोहन राव बसले.

राव हे तेव्हा हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता होते. मंडळावरची बाकीची नावेही तशीच भारदस्त होती. कृष्ण पालेपू हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक. कंपन्यांचा कारभार कसा असावा हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय. विनोद धाम यांना पेंटियम चिपचे जनक म्हणून जग ओळखते. टी. आर. प्रसाद माजी कॅबिनेट सचिव, म्हणजे देशातल्या नोकरशाहीच्या सर्वोच्च खुर्चीवर बसलेले. व्ही. एस. राजू आयआयटी दिल्लीचे माजी संचालक. मंगलम श्रीनिवासन अमेरिकेत नाव कमावलेल्या अभ्यासक. बैठकीत शंका निघाल्या, मूल्यांकनावर प्रश्नही विचारले गेले. तरीही ठराव एकमताने मंजूर झाला.

बाजाराने मात्र तो एका रात्रीत नामंजूर केला. न्यूयॉर्कच्या बाजारात सत्यमच्या शेअरची किंमत निम्म्याहून खाली आली आणि काही तासांतच व्यवहार मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, राजूंचे पत्र बाहेर आले. ताळेबंदात दाखवलेली सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोकड अस्तित्वातच नव्हती. याच कंपनीला काही महिन्यांपूर्वी उत्तम कारभारासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. डिसेंबरमध्येच राजीनामा देताना मंगलम श्रीनिवासन यांनी एक कबुली दिली होती: आपल्या मनात शंका होत्या, त्या आपण बोलूनही दाखवल्या, पण विरोधी मत नोंदवले नाही.

त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कोणालाही ताळेबंद वाचता येत नव्हता किंवा हितसंबंधांचा संघर्ष कशाला म्हणतात हे ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणू शकणार नाही. अध्यक्षाच्या घरच्या कंपन्या कंपनीच्या पैशाने विकत घेऊ नयेत, हे समजायला हार्वर्डही लागत नाही. ज्ञान होते, अनुभव होता, प्रतिष्ठा होती. तरीही ‘नाही’ म्हणून इतिवृत्तात नोंद झाली नाही.

ही गोष्ट दीड दशकाहून जुनी झाली. तरीही ती पुन्हा सांगावी लागते, कारण मोठ्या कंपनीचे संचालक निवडताना आजही पहिला प्रश्न त्यांच्या पूर्वायुष्याचाच विचारला जातो. ते कुठे शिकले, कोणत्या खात्याचे सचिव होते, कोणती बँक चालवली, कोणते पुरस्कार मिळाले. वार्षिक अहवालात छायाचित्रासह एक परिच्छेद छापला जातो आणि तो वाचून भागधारक निश्चिंत होतो. या संचालकाला मंडळावर कोणी आणले आणि त्याला तिथून काढण्याची ताकद कोणाच्या हातात आहे, हे त्या परिच्छेदात कधीच नसते. मोठ्या कंपन्यांच्या पडझडीचा इतिहास पाहिला तर संचालकांच्या पदव्यांपेक्षा याच दोन गोष्टींनी जास्त निकाल लावलेला दिसतो.

महाराष्ट्राला याचे आणखी एक उदाहरण जवळून ठाऊक आहे. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पामुळे एन्रॉन हे नाव कोकणातल्या वाडीवाडीत पोचले होते. त्या वादात राज्यातले राजकारण ढवळून निघाले, पण ह्यूस्टनमधल्या एन्रॉनच्या संचालक मंडळावर कोण बसते याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तिथल्या लेखापरीक्षण समितीचे प्रमुख रॉबर्ट जेडिकी हे स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलचे माजी अधिष्ठाता आणि हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते. वेंडी ग्रॅम या अमेरिकेच्या वायदेबाजार नियामक आयोगाच्या माजी अध्यक्ष. लॉर्ड वेकहॅम ब्रिटनचे माजी ऊर्जामंत्री. हिशेब, वायदे आणि ऊर्जा हे एन्रॉनच्या धंद्याचे तीन पाय, आणि तिन्हींतले जाणकार मंडळावर हजर.

याच मंडळाने १९९९ मध्ये कंपनीची आचारसंहिता बाजूला ठेवली आणि मुख्य वित्त अधिकारी अँड्र्यू फॅस्टो यांना एन्रॉनशीच व्यवहार करणाऱ्या खासगी भागीदाऱ्या चालवायची मुभा दिली. तोटा आणि कर्ज लपवण्यासाठी पुढे त्याच भागीदाऱ्या वापरल्या गेल्या. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. २००२ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने एन्रॉनच्या मंडळावर स्वतंत्र अहवाल काढला. त्यात एक गोष्ट ठळकपणे आली: काही संचालकांना बैठकीच्या मानधनाशिवाय कंपनीकडून सल्ल्याचे पैसे मिळत होते, तर काहींशी संबंधित संस्थांना एन्रॉनच्या देणग्या जात होत्या. लॉर्ड वेकहॅम यांचा सल्लागार म्हणून वेगळा करार होता. ह्यूस्टनच्या एका नामांकित कर्करोग रुग्णालयाचे आजी आणि माजी असे दोन्ही प्रमुख मंडळावर होते आणि त्या रुग्णालयाला एन्रॉन देणग्या देत असे. कोणी लाच घेतली असे अहवालाने म्हटले नाही. ज्याच्याकडून आपल्या संस्थेला मदत येते त्याला टोकाचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, इतकाच त्याचा अर्थ. पुढे भागधारकांशी झालेल्या तडजोडीत एन्रॉनच्या दहा माजी संचालकांना १ कोटी ३० लाख डॉलर स्वतःच्या खिशातून भरावे लागले.

आता कायदा संचालकाकडून काय मागतो ते पाहू. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १६६ या बाबतीत स्वच्छ आहे. संचालकाने सद्भावनेने वागायचे, सर्व सभासदांचे हित पाहायचे आणि कंपनी, तिचे कर्मचारी, भागधारक, समाज व पर्यावरण यांचा विचार करायचा. मंडळाच्या वर्षाला किमान चार बैठका व्हायला हव्यात आणि दोन बैठकांमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. कार्यकारी संचालक कंपनी चालवतात. स्वतंत्र संचालक ती चालवत नाहीत. चालवणाऱ्यांवर त्यांनी नजर ठेवायची असते. शेअर बाजारात नोंदणीकृत कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र हवेत. बाजार नियामक सेबीच्या नियमांनुसार अध्यक्ष प्रवर्तकांपैकी असेल किंवा कार्यकारी असेल तर निम्मे. लेखापरीक्षण समितीत दोन तृतीयांश. एका वेळी सातपेक्षा जास्त नोंदणीकृत कंपन्यांवर बसता येत नाही आणि एका कंपनीत पाच वर्षांच्या सलग दोन मुदतींपलीकडे राहता येत नाही.

हे नियम सरकारने एका दिवसात लिहिले नाहीत. ब्रिटनमध्ये १९९२ साली ॲड्रियन कॅडबरी समितीचा अहवाल आला आणि जगभर या विषयाची चर्चा सुरू झाली. भारतात पहिली आचारसंहिता उद्योगांनीच आपणहून लिहिली. भारतीय उद्योग महासंघाच्या या कामाचे नेतृत्व पुण्याचे राहुल बजाज करत होते आणि ती संहिता १९९८ मध्ये आली. सत्तेपुढे मोकळेपणाने बोलणारा उद्योगपती म्हणून बजाज यांची ख्याती होती, आणि हे काम त्यांच्याकडे गेले हे उचितच झाले. त्यानंतर कुमारमंगलम बिर्ला समिती, नरेश चंद्र समिती, नारायण मूर्ती समिती, २०१७ ची उदय कोटक समिती अशी रांग लागली. प्रत्येक मोठ्या घोटाळ्यानंतर नियम वाढत गेले.

पण स्वतंत्र कोणाला म्हणायचे, याची व्याख्या नात्यागोत्यात आणि पैशांच्या व्यवहारांत अडकून पडली. प्रवर्तकाचा नातेवाईक नको, गेल्या तीन वर्षांत कंपनीचा नोकर नसावा, ठरावीक मर्यादेपलीकडे आर्थिक व्यवहार नसावेत. हे सगळे हवेच. मात्र प्रवर्तकाचा शाळासोबती, एकाच क्लबातला तीस वर्षांचा मित्र किंवा निवृत्तीनंतर काम देऊ केलेला जुना अधिकारी कायद्याच्या नजरेत पूर्णपणे स्वतंत्र असतो. त्याचे नाव सुचवते नामांकन समिती, ती नेमते संचालक मंडळ, आणि सर्वसाधारण सभेत त्याच्या नावावर शिक्का बसतो तो बहुतेकदा प्रवर्तकांच्या मतांनी. मोठ्या कंपन्यांत बैठक मानधन आणि नफ्यातला वाटा मिळून स्वतंत्र संचालकाची वर्षाची कमाई एक कोटीच्या पुढे जाऊ शकते. निवृत्त माणसासाठी ही रक्कम लहान नाही. ज्याच्या मर्जीने ती मिळते त्याच्याविरुद्ध हात वर करायचा, हे कायद्याने फक्त माणसाच्या धैर्यावर सोडले आहे.

धैर्य दाखवले तर काय होते, हे मुंबईने २०१६ साली पाहिले. २४ ऑक्टोबरला टाटा सन्सच्या मंडळाने सायरस मिस्त्री यांना अध्यक्षपदावरून दूर केले. त्यानंतर टाटा समूहातल्याच इंडियन हॉटेल्सच्या स्वतंत्र संचालकांनी, त्यात दीपक पारेखही होते, वेगळी बैठक घेऊन मिस्त्रींवर विश्वास व्यक्त केला. टाटा स्टील, टाटा मोटर्स आणि टाटा केमिकल्सवर नुस्ली वाडिया स्वतंत्र संचालक होते आणि तेही मिस्त्रींच्या बाजूने उभे राहिले. टाटा सन्सने तिन्ही कंपन्यांच्या विशेष सभा बोलावल्या आणि डिसेंबरमध्ये एकापाठोपाठ एक ठराव करून वाडियांना काढले. मिस्त्रींना अध्यक्षपदावरून हटवणे कायदेशीर होते, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिला. त्या वादात कोण बरोबर होते हा इथला मुद्दा नाही. मुद्दा असा की स्वतंत्र संचालकाने मोठ्या भागधारकाविरुद्ध भूमिका घेतली तर तोच भागधारक त्याला साध्या बहुमताने काढू शकत होता, आणि हे देशातल्या सगळ्या स्वतंत्र संचालकांनी पाहिले.

आयएल अँड एफएसची कथा वेगळ्या वळणाची आहे, कारण तिथे एक घराणे किंवा एक प्रवर्तक असा कोणी नव्हताच. वांद्रे-कुर्ला संकुलातली ही कंपनी पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी. भागधारक कोण? आयुर्विमा महामंडळ, स्टेट बँक, सेंट्रल बँक, एचडीएफसी, जपानची ओरिक्स, अबू धाबीचा सरकारी गुंतवणूक निधी. या बड्या संस्थांचे नामनिर्देशित प्रतिनिधी मंडळावर बसत. २०१८ मध्ये कंपनीने एकापाठोपाठ एक देणी थकवली तेव्हा तिच्या समूहात तीनशेहून अधिक कंपन्या होत्या आणि कर्ज ९० हजार कोटींच्या पुढे गेले होते. एवढ्या कर्जावर लक्ष ठेवण्याचे काम जिच्याकडे होते, त्या जोखीम व्यवस्थापन समितीची २०१५ ते २०१८ या काळात एकच बैठक झाली होती. १ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्र सरकारने कंपनी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे जाऊन सगळे मंडळ बाजूला केले आणि उदय कोटक यांच्या नेतृत्वाखाली नवे मंडळ आणले.

इथे प्रवर्तकाची भीती नव्हती. उणीव होती ती आपलेपणाची. नामनिर्देशित संचालक आपल्या संस्थेचा अधिकारी असतो. त्याची बदली होते, बढती होते, निवृत्ती येते, आणि कंपनीतल्या प्रश्नांची उत्तरे मागत बसण्याने त्याच्या नोकरीत काही भर पडत नाही. प्रत्येकाला वाटते की बाजूच्या खुर्चीवरची बँक पाहत असेल. पैसा मात्र सामान्यांचा होता. आयएल अँड एफएसच्या रोख्यांत कित्येक भविष्य निर्वाह निधींची रक्कम गुंतली होती, म्हणजे कारखान्यात आणि कार्यालयात आयुष्य घालवलेल्या माणसांची बचत.

आयसीआयसीआय बँकेच्या मंडळाने मात्र त्याच २०१८ मध्ये घाई केली. बँकेच्या तत्कालीन प्रमुख चंदा कोचर यांच्या पतीच्या व्यवसायाशी आणि व्हिडिओकॉनला दिलेल्या कर्जाशी संबंधित आरोप गाजू लागले, तेव्हा मार्चच्या अखेरीस मंडळाने त्यांच्यावर पूर्ण विश्वास असल्याचे जाहीर केले. दोन महिन्यांनी त्याच मंडळाला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा अहवाल जानेवारी २०१९ मध्ये आला, आचारसंहितेचा भंग झाल्याचा निष्कर्ष त्यात होता, आणि कोचर यांचे जाणे हे कारणासह केलेली बडतर्फी मानायचे असे मंडळाने ठरवले. न्यायालयांतली प्रकरणे हा निराळा विषय. पण चौकशी आधी आणि प्रशस्तिपत्र नंतर, हा साधा क्रम अनुभवी बँकर, वकील आणि लेखापाल बसलेल्या मंडळाला पाळता आला नाही.

महिला संचालकांच्या नियमातही कोणी नेमले हाच प्रश्न पुढे आला. २०१३ च्या कायद्याने प्रत्येक नोंदणीकृत कंपनीवर किमान एक महिला संचालक बंधनकारक केली आणि १ एप्रिल २०१५ ही मुदत आली. अनेक उद्योगघराण्यांनी पत्नी, मुलगी, सून अशी घरातलीच नावे पुढे केली. अक्षर पाळले गेले, हेतू बाजूला राहिला. शेवटी सेबीला सांगावे लागले की बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांवर एक तरी महिला *स्वतंत्र* संचालक हवी. या सुधारणेचा फायदा झाला. कर्तबगार महिलांची कमतरता कधीच नव्हती, त्यांना शोधायची गरज कोणाला वाटत नव्हती इतकेच.

मंडळ मनापासून बदलायचे ठरवले तर काय होऊ शकते, हे पुण्यात पाहायला मिळते. रोहिंटन आगा यांच्या निधनानंतर १९९६ मध्ये अनु आगा यांनी थरमॅक्सची सूत्रे घेतली. काही वर्षांतच कंपनीची घसरण सुरू झाली. एकेकाळी ४०० रुपयांवर असलेला शेअर ३६ रुपयांपर्यंत आला. एका भागधारकाने निनावी पत्र लिहून तुम्ही आम्हाला निराश केलेत असे त्यांना सुनावले. आगा यांनी ते पत्र टोपलीत टाकले नाही. बाहेरचे सल्लागार आणले आणि मंडळाची रचनाच बदलली. त्याआधी कंपनीतले वरिष्ठ अधिकारीच मंडळावर बसत, म्हणजे काम करणारे आणि त्या कामाची परीक्षा घेणारे एकच. ते वेगळे केले आणि मंडळावर बाहेरून प्रश्न विचारणारी माणसे आणली. कंपनी सावरली. मालकाला स्वतःवर देखरेख हवी असेल तर कायदा नसतानाही ती बसवता येते, हे आगांनी दाखवले. पण सगळे मालक अनु आगा नसतात, आणि म्हणूनच कायदा लागतो.

सरकार स्वतः मालक असते तेव्हा चित्र अधिकच निराशाजनक आहे. मुंबईतल्या भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियमपासून ओएनजीसी, इंडियन ऑइल, गेलपर्यंत अनेक सरकारी कंपन्यांना, पुरेसे स्वतंत्र किंवा महिला संचालक नाहीत म्हणून, शेअर बाजारांनी वारंवार दंड ठोठावला आहे. कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते: नेमणूक आमच्या हातात नाही, ती मंत्रालय करते. म्हणजे नियम करणारे सरकार, मोडणारेही सरकार, आणि दंड कंपनीच्या म्हणजे जनतेच्या पैशातून. खासगी उद्योगांना सुशासनाचे धडे देण्याआधी केंद्राने आपल्या कंपन्यांतल्या रिकाम्या खुर्च्या भरायला हव्यात.

आता पुन्हा सत्यमकडे जावे लागेल, कारण त्या प्रकरणाचा दुसरा भाग लोक विसरले आहेत. घोटाळा उघड झाल्यावर सरकारने जुने मंडळ बरखास्त केले आणि जानेवारी २००९ मध्ये नवे नेमले. दीपक पारेख, नॅसकॉमचे माजी अध्यक्ष किरण कर्णिक, रोखे अपील न्यायाधिकरणाचे माजी प्रमुख सी. अच्युतन, उद्योग महासंघाचे तरुण दास, सनदी लेखापालांच्या संस्थेचे माजी अध्यक्ष टी. एन. मनोहरन आणि आयुर्विमा महामंडळाचे एस. बी. मैनक. या सहा जणांनी बँकांकडून पैसा उभा करून पगार चालू ठेवले, धास्तावलेल्या परदेशी ग्राहकांना थांबवून धरले, खरे हिशेब शोधायला नवे लेखापाल लावले आणि तीन महिन्यांत, एप्रिल २००९ मध्ये, लिलावाने कंपनी टेक महिंद्राच्या हाती सोपवली. हजारो तरुण अभियंत्यांच्या नोकऱ्या वाचल्या.

या दोन मंडळांतल्या माणसांची पार्श्वभूमी शेजारी शेजारी ठेवून पाहावी. एकीकडे प्राध्यापक, माजी सचिव, तंत्रज्ञ. दुसरीकडे बँकर, विधिज्ञ, लेखापाल. योग्यतेत आभाळ-जमिनीचे अंतर नाही. फरक असा की दुसऱ्या मंडळाला राजूंनी नेमले नव्हते. त्याला कोणा प्रवर्तकाची मर्जी सांभाळायची नव्हती, पुढच्या मुदतीची आशा नव्हती, आणि आपल्याला इथे कशासाठी आणले आहे हे प्रत्येकाला पक्के ठाऊक होते.

म्हणून नेमणुकीचा अधिकार हाच सुधारणेचा गाभा आहे. मनेसरच्या भारतीय कॉर्पोरेट व्यवहार संस्थेने स्वतंत्र संचालकांची यादी आणि परीक्षा सुरू केली, ते ठीक आहे. परीक्षेने कलमे पाठ होतात. अध्यक्षाच्या डोळ्यांत पाहून हरकत नोंदवायचे बळ तिने येत नाही. सेबीला हे कळत नव्हते असेही नाही. मार्च २०२१ मध्ये तिने एक चांगला प्रस्ताव मांडला होता: स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीला आणि गच्छंतीला सर्व भागधारकांच्या बहुमताबरोबरच, प्रवर्तक सोडून उरलेल्या भागधारकांचेही वेगळे बहुमत लागावे. उद्योगजगत अस्वस्थ झाले. अंतिम नियमांतून ही दुहेरी मंजुरी गळाली आणि २०२२ पासून विशेष ठराव, म्हणजे तीन चतुर्थांश मते, ही मुख्य अट राहिली. वाडियांच्या वेळेपेक्षा ही अट नक्कीच कडक आहे. तरी ज्या कंपनीत प्रवर्तकाकडे ६०-७० टक्के भांडवल आहे तिथे उरलेली थोडी मते जमवणे अवघड नाही, आणि नकाराचा अधिकार तर त्याच्या एकट्याच्या हातात राहतो. अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक ही पदे वेगळी असावीत या कोटक समितीच्या शिफारशीचेही असेच झाले. आधी सक्ती, मग मुदतवाढ, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ती ऐच्छिक. सेबीने दोन्ही ठिकाणी माघार घेतली आणि दोन्ही ठिकाणी ती चुकली.

इतर देशांनी हे धाडस केले आहे. इटलीत अल्पसंख्य भागधारकांना उमेदवारांची स्वतःची यादी देता येते आणि त्या यादीतला किमान एक संचालक मंडळावर घ्यावाच लागतो. इस्रायलमध्ये बाहेरच्या संचालकांच्या निवडीत नियंत्रक भागधारक सोडून इतरांच्या मतांना वेगळे वजन आहे. जर्मनी त्याच्याही पुढे गेला. तिथे १९७६ च्या कायद्यापासून दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना मिळतात. त्यामुळे जर्मन कंपन्यांत घोटाळे होतच नाहीत असे कोणी म्हणणार नाही. फोक्सवॅगनचे उत्सर्जन प्रकरण समोर आहे. पण तिथल्या मंडळात असा एक गट कायम असतो, ज्याची खुर्ची मालकाच्या मेहेरबानीवर नसते. आपल्याकडे राष्ट्रीयीकृत बँकांवर कर्मचारी आणि अधिकारी संचालकांची तरतूद कायद्यात आहे, आणि त्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्याची तक्रार संघटना करत आल्या आहेत.

मराठी वाचकाला निवडून आलेला संचालक नवा नाही. साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, सगळीकडे संचालकपदासाठी गावोगाव प्रचार होतो. सभासदाला आपला संचालक तोंडओळखीचा असतो आणि एका सभासदाला एकच मत असते. तरीही राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ २०११ मध्ये बरखास्त करावे लागलेच. तेव्हा निवडणूक झाली की कारभार आपोआप सुधारतो, असा दावा इथे नाही. कंपनीत मत शेअरमागे असते आणि ते तसेच राहील. मागणी माफक आहे: निम्म्या जागा स्वतंत्र संचालकांच्या असतील तर त्यातल्या किमान दोन जागांचा निकाल प्रवर्तक वगळून उरलेल्या भागधारकांनी लावावा, आणि त्या दोघांना काढायचे झाले तरी त्यांचाच कौल घ्यावा.

कायद्यात याची एक छोटी खिडकी आजही आहे, फक्त ती कोणी उघडत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे लहान भागधारकांना आपला एक संचालक निवडून देता येतो. दर्शनी किमतीने वीस हजार रुपयांपर्यंतचे शेअर ज्याच्याकडे आहेत तो लहान भागधारक. अशा हजार जणांनी किंवा एकूण लहान भागधारकांच्या एक दशांशांनी, यांतला जो आकडा कमी असेल तेवढ्यांनी, नोटीस दिली की ही प्रक्रिया सुरू होऊ शकते. लाखो भागधारक असलेल्या कंपनीत हजार माणसे म्हणजे काहीच नाहीत. मुंबई-पुण्यात गुंतवणूकदारांच्या जुन्या आणि जागरूक संघटना आहेत, त्यांनी एखाद्या मोठ्या कंपनीत हे करून दाखवायला हवे.

त्याहून मोठी ताकद म्युच्युअल फंडांकडे आहे. दरमहा एसआयपी भरणाऱ्या घरांचा पैसा त्यांच्या हाती आहे आणि भागधारकांच्या ठरावांवर मतदान करणे सेबीने त्यांना बंधनकारक केले आहे. कोणत्या ठरावावर कसे मत दिले आणि का, हे फंडांना आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावे लागते. ज्याच्या एसआयपीचा पैसा आहे त्याने ती यादी उघडून पाहावी, आणि बैठकांना न येणाऱ्या संचालकाच्या फेरनियुक्तीला आपल्या फंडाने होकार दिला असेल तर फंडाला पत्र लिहून कारण विचारावे.

जुलै ते सप्टेंबर हा वार्षिक सभांचा हंगाम. सभेच्या नोटिशीबरोबर येणाऱ्या अहवालात कारभारविषयक प्रकरण असते. त्यात प्रत्येक संचालक किती बैठकांना हजर होता, आणखी कोणत्या कंपन्यांवर बसतो आणि त्याला किती मोबदला मिळाला, याचे तक्ते असतात. कोणी मुदतीआधी राजीनामा दिला असेल तर त्याने दिलेली कारणे शेअर बाजाराला कळवलेली असतात. हे सगळे वाचायला अर्धा तास लागतो. ऑनलाइन मतदान किमान तीन दिवस खुले असते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होते.